फ्रिजच्या आइस-मेकरला घरचं पाणी : प्रकल्प नोंदी

१० जानेवारी : आधी दाब

सामान आणण्याआधी गेज लावलं. आइस-मेकरच्या कामात बहुतेकांचं लक्ष नळी आणि फिटिंगकडे असतं, दाब मोजला जातो तो बर्फाची तक्रार सुरू झाल्यावर. इथे क्रम उलटा ठेवला, कारण दाब किती आहे यावर पुढची सगळी मांडणी ठरते.

फ्रिजच्या पुस्तिकेत पाण्याचा दाब १.४ ते ८.३ बार, म्हणजे २० ते १२० पीएसआय, असा दिला आहे. काही फ्रिजना खालची मर्यादा २ बारच्या वर लागते, त्यामुळे आपल्या फ्रिजची पुस्तिकाच प्रमाण. सिंकच्या थंड पाण्याच्या नळावर गेज बसवून पाहिलं: बाकी सगळे नळ बंद असताना ०.५५ बार, न्हाणीघरातला नळ पूर्ण सोडला की ०.४ बार. हिशोब जुळतो. पाणी छतावरच्या टाकीतून येतं, टाकीतली पातळी या नळापेक्षा साडेपाच मीटर वर आहे, आणि दर १० मीटर उंचीला जेमतेम १ बार मिळतो. नुसत्या उंचीवर १.४ बार हवा असेल तर टाकी १४ मीटर वर लागेल.

कमी दाबाने फक्त बर्फ हळू होईल, असा समज असतो. खरा धोका वेगळा आहे. फ्रिजच्या मागचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या कॉइलने उघडणारा) पाण्याच्या दाबावरच बंद होतो. कॉइलला वीज मिळाली की रबरी पडद्यातलं बारीक छिद्र उघडतं, पडद्यावरचा दाब निघून जातो आणि पडदा उचलला जातो. वीज गेली की ते छिद्र बंद होतं, पडद्याच्या वर पाणी साठतं आणि ते पाणी पडद्याला बैठकीवर दाबून धरतं. हे दाबणं किती घट्ट होईल ते येणाऱ्या पाण्याच्या दाबावर अवलंबून. दाब अपुरा असेल तर पडदा पुरता बसत नाही आणि थेंब थेंब पाणी पुढे जात राहतं. हे थेंब फ्रीझरमधल्या भरण-नळीच्या तोंडाशी गोठतात, तोंड बुजतं, पुढच्या खेपेचं पाणी मागे फुगून फ्रीझरच्या पाठीवरून उतरतं आणि जमिनीवर येतं. किंवा ते थेट साच्यात पडतं, साचा भरून वाहतो आणि खालच्या पेटीतला सगळा बर्फ एकच दगड होतो. पाणी आत सोडणं सोपं आहे. वेळेवर थांबवता आलं तरच ही जोडणी बरोबर झाली असं म्हणायचं.

बादलीची चाचणीही केली, पण तिच्यावर निर्णय घ्यायचा नाही. जिथून नळी जाणार आहे तितकी, सहा मीटर पाव इंची नळी तात्पुरती लावून मोकळं टोक बादलीत सोडलं तर मिनिटाला सव्वा लिटरच्या आसपास पाणी पडलं. आइस-मेकर सात-आठ सेकंदांत ११० ते १२० मिली पाणी मागतो, म्हणजे मिनिटाला सुमारे १ लिटर. वरवर पाहता पुरेसं. पण मोकळ्या टोकाला असलेला सगळा दाब नळीतल्या घर्षणातच खर्च झालेला असतो. पुढे फ्रिजचा फिल्टर आणि व्हॉल्व्ह आला की त्यांच्यासाठी काही उरत नाही. दाब हा गेजवरच बघावा.

११ जानेवारी : पाणी कुठून घ्यायचं

तीन वाटा तपासल्या.

पहिली म्हणजे पाइपावर आवळायची, सुईने भोक पाडणारी सॅडल क्लॅम्प. पाइप न कापता काम होतं म्हणून ती लोकप्रिय आहे, आणि आइस-मेकरच्या तयार संचांत ती हमखास येते. घेऊ नये. सुईचं भोक जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं, त्यात क्षार आणि गाळ धरतो आणि प्रवाह वर्षागणिक घटतो. ज्या रबरी गादीवर पाणी अडतं ती कडक झाली की क्लॅम्पच्या कडेने झिरपायला लागते, आणि पाणी बंद करायची वेळ येते तेव्हा सुई बुडाशी नीट बसत नाही. प्लास्टिकच्या पाइपावर तर भोकापासून चीर जाऊ शकते. अनेक ठिकाणच्या प्लंबिंग नियमांत तिला मनाई आहे ती याच कारणांनी.

दुसरी वाट सिंकखालच्या आरओ यंत्राची. ज्या यंत्रात पाणी साध्या प्लास्टिकच्या डब्यात साठतं आणि तोटीतून आपल्या वजनाने पडतं, त्यात दाब जवळपास शून्य. दाबाची टाकी असलेल्या यंत्रात टाकी भरलेली असताना दोन-अडीच बार मिळू शकतात, पण पाणी काढत गेलं की दाब अर्ध्या बारपर्यंत घसरतो, म्हणजे एका खेपेचं भरण पूर्ण आणि पुढच्या खेपेचं अर्धं. ज्यांना आरओचंच पाणी हवं त्यांनी टाकीनंतर पंप लावावा, फ्रिजचा आतला फिल्टर काढून त्या जागी बायपास टोपण बसवावं, आणि नळी प्लास्टिकचीच ठेवावी. क्षार नसलेलं पाणी तांबं हळूहळू खातं आणि बर्फाला धातूची चव येते.

तिसरी, म्हणजे सिंकच्या थंड पाण्याच्या पाइपात टी (तीन तोंडांचा जोड) घालून स्वतंत्र बॉल व्हॉल्व्ह आणि पुढे छोटा पंप. हीच पक्की केली. पाणी थंडच्याच पाइपातून घ्यायचं. गरम पाण्याने फ्रिजचा फिल्टर आणि व्हॉल्व्हचं प्लास्टिक दोन्ही खराब होतात.

दोन इशारे इतरांसाठी. सार्वजनिक वाहिनीवरून थेट पाणी येत असेल आणि गेज २ ते ६ बार दाखवत असेल तर पंपाची गरजच नाही, १३ तारखेच्या नोंदीतला पंपाचा भाग सोडून द्यावा. थेट वाहिनीवर पंप लावायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, आणि ती योग्य आहे, कारण पंप शेजाऱ्यांचं पाणी ओढतो आणि वाहिनीतल्या फटींतून घाणही आत ओढू शकतो. याउलट दाब ८ बारच्या वर जात असेल तर आधी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा.

१३ जानेवारी : मांडणी आणि सामान

क्रम असा ठरला: टी, बॉल व्हॉल्व्ह, वीज नसताना बंद राहणारा सोलेनॉइड, ५ मायक्रॉनचा गाळ-फिल्टर, डायाफ्राम पंप, पाणी मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, २ लिटरची दाबाची टाकी तिच्या स्वतःच्या कॉकसह, दाबानुसार पंप चालू-बंद करणारा प्रेशर स्विच, गेज, दुसरा बॉल व्हॉल्व्ह, मग पाव इंची नळी फ्रिजपर्यंत.

प्रत्येक वस्तूच्या जागेला कारण आहे. गाळ-फिल्टर पंपाच्या आधी, म्हणजे पंपाच्या झडपांत वाळूचा कण अडकत नाही आणि फिल्टरच्या भांड्यावर छतावरच्या टाकीचा अर्धा बारच दाब राहतो. कार्बन फिल्टर इथे लावलेला नाही. टाकीच्या पाण्यात क्लोरीन आधीच घटलेलं असतं, उरलंसुरलं कार्बन काढून टाकतो, आणि त्यानंतरची लांब नळी मग जंतूंना मोकळी. फ्रिजच्या आतला कार्बन फिल्टर नळीच्या शेवटी आहे, तो तिथेच बरा. गोठवल्याने जंतू मरतातच असं नाही, त्यामुळे टाकीचं पाणी पिण्याजोगं नसेल तर आइस-मेकर जोडण्याआधी त्याची सोय करायला हवी. फ्रिजचा फिल्टर मुख्यतः चव आणि वास सुधारतो.

नॉन-रिटर्न पंपानंतर ठेवला, कारण प्रेशर स्विच वेगळा आहे आणि टाकीजवळ बसतो. स्विच पंपाच्या डोक्यातच असेल तर नॉन-रिटर्न पंपाच्या आधी घ्यावा. नाहीतर पंपाच्या झडपेतून थोडं पाणी मागे सरकलं तरी त्या दोघांमधल्या चिमूटभर जागेतला दाब पडतो आणि पंप विनाकारण चालू-बंद होत राहतो.

प्रवेशावरचा सोलेनॉइड निवडताना एक अट काटेकोर पाळली: ० बारपासून चालणारा, थेट उघडणारा हवा. दाबावर बसणारा व्हॉल्व्ह अर्ध्या बारला नीट मिटणार नाही, म्हणजे गळतीच्या वेळी ज्याच्यावर भिस्त तोच गळेल. त्याची कॉइल प्रेशर स्विचनंतर पंपाच्या समांतर जोडायची. पंप चालतो तेवढाच वेळ व्हॉल्व्ह उघडा, एरवी बंद. कॉइल तापतही नाही.

दाबाची टाकी का, आणि केवढी? स्विच १.८ बारला पंप चालू करतो, २.८ ला बंद. टाकीत हवा १.६ बारला भरायची, चालू होण्याच्या दाबापेक्षा ०.२ कमी. बाहेरच्या हवेचा १ बार धरून हिशोब केला तर २.६ × २ हा गुणाकार कायम राहतो: २.८ ला (गेजवर १.८) हवेची जागा १.८६ लिटर, ३.८ ला (गेजवर २.८) १.३७ लिटर. मधलं पाणी ०.४९ लिटर. म्हणजे पंप एकदा चालला की चार खेपांचा बर्फ भरेल इतकं पाणी दाबाखाली तयार. टाकीशिवाय पंप प्रत्येक भरणात धडधडत चालू-बंद होईल, आणि हे धक्के फ्रिजच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतील.

नळी पाव इंच बाहेरच्या व्यासाची, एलएलडीपीई या लवचीक प्लास्टिकची, पिण्याच्या पाण्यासाठीची, जिच्यावर दाबाची मर्यादा छापलेली आहे अशी. तांब्याची नळी टिकाऊ आहे, पण फ्रिज वरचेवर पुढे ओढला की ती एकाच जागी वाकून कडक होते आणि तिथेच मुडपते. अंतर १० मीटरच्या पुढे जात असेल तर बहुतेक लांबी तीन अष्टमांश इंची नळीने करावी आणि शेवटचे दोन मीटर पाव इंची. मिनिटाला १ लिटर जाताना पाव इंची नळी १० मीटरला जवळपास ०.६ बार खाते, तीन अष्टमांश इंची ०.१ बार.

आट्यांची जुळणी दुकानातच हाताने फिरवून बघायची. अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश मापाचे आटे) आणि अर्धा इंची एनपीटी (अमेरिकी मापाचे) दोन्हींत इंचाला १४ आटे असतात, त्यामुळे दोन-तीन फेरे छान जातात, पण कोन ५५ आणि ६० अंश असा वेगळा असल्याने घट्ट केल्यावर ते कुठेतरी झिरपतात. पाऊण इंचीत बागेच्या नळीचे अमेरिकी आटे साडेअकरा असतात, बीएसपीचे १४. ते तर जबरदस्तीनेच बसतात.

१७ जानेवारी : टी आणि पहिला व्हॉल्व्ह

टाकीचा मुख्य कॉक बंद केला, सगळ्यात खालचा नळ उघडून पाइप रिकामा होऊ दिला. सीपीव्हीसी पाइप कापणीच्या कातरीने सरळ कापला, आतली-बाहेरची कोर घासून साफ केली. टीमध्ये पाइप कोरडा बसवून खोलीची खूण पेनाने केली, मग पाइपावर आणि टीच्या आत सॉल्व्हंटचा पातळ थर, पाव फेरा फिरवत खुणेपर्यंत दाबला आणि अर्धा मिनिट धरून ठेवला. सोडला तर तो मागे सरकतो. पाइपात थेंबभर पाणी उरलं असेल तर सांधा धरत नाही, म्हणून आत कापडाचा बोळा फिरवून घेतला आणि काम झाल्यावर आठवणीने काढला. सांधा रात्रभर तसाच ठेवायचा. डब्यावर कमी वेळ लिहिला असला तरी सिंकखाली घाई करण्यासारखं काही नाही.

टीच्या पितळी आट्यांवर टेफ्लॉन टेप घट्ट ओढत सात-आठ वेढे, आटे आवळण्याच्या दिशेने. बॉल व्हॉल्व्हचा दांडा कपाटाचं दार उघडताच हाताला येईल असा वळवला. ज्या व्हॉल्व्हपर्यंत पोचायला भांडी काढावी लागतात तो गळतीच्या वेळी नसल्यासारखाच.

१८ जानेवारी : पंप

पंप रबरी पायांवर, कपाटाच्या बाजूच्या भिंतीला, तळापासून ३० सेंटिमीटर वर. दोन्ही बाजूंना हातभर लवचीक नळी, नाहीतर पंपाचा कंप पाइपामार्गे सगळ्या स्वयंपाकघरात गुणगुणतो. ॲडॅप्टर आणि रिले त्याहून वर, आणि प्रत्येक वायर जोडणीत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर नेली, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, जोडणीत जाणार नाही.

पंपाच्या विजेच्या वाटेवर दोन अडथळे मुद्दाम ठेवले. एक गळती ओळखणारा सेन्सर: एक पट्टी सिंकखालच्या ट्रेमध्ये, दुसरी फ्रिजखाली. ओलं झालं की पंप आणि प्रवेशाचा सोलेनॉइड दोन्ही बंद. पंप एकटा बंद करून भागत नाही, छतावरच्या टाकीचा अर्धा बार पंपाच्या झडपांमधून वाट काढत राहतो. त्यानंतरही दाबाच्या टाकीतलं अर्धा-पाऊण लिटर पाणी बाहेर येईलच, म्हणून ट्रे तेवढं पाणी मावेल असा घेतला.

दुसरा ६० सेकंदांचा टाइमर. अर्धा लिटर भरायला या पंपाला दहा-बारा सेकंद लागतात. मिनिटभर चालूनही दाब येत नसेल तर एकतर छतावरची टाकी कोरडी आहे किंवा कुठेतरी नळी निसटली आहे. दोन्हींत पंप बंद होणंच बरोबर.

दाबाच्या टाकीची हवा पाणी सोडण्याआधी मोजली, सायकलच्या पंपाने १.६ बार केली. पाणी भरल्यावर मोजलेली हवा काही सांगत नाही, तेव्हा गेज पाण्याचाच दाब दाखवतं.

१९ जानेवारी : नळी

कपाटांच्या मागच्या फळ्यांना १३ मिमीची भोकं, प्रत्येकात रबरी कडं. कपाटांमागच्या पूर्ण लांबीत नळी विजेच्या कंड्युइट पाइपातून नेली. उंदीर एलएलडीपीई नळी सहज कुरतडतात, आणि फ्रिजमागची जागा त्यांना ऊबदार मिळते. कंड्युइटचा आणखी एक फायदा म्हणजे पुढे नळी बदलायची झाली तर नवी नळी जुनीला बांधून ओढता येते.

अख्खी लांबी एकसंध. मध्ये एकही सांधा नाही, आणि भिंतीत तर नाहीच.

फ्रिजमागे दोन मीटर जादा नळी, हातभर व्यासाच्या तीन सैल वेढ्यांत, पट्ट्याने फ्रिजच्या पाठीला. वेढे कॉम्प्रेसरच्या गरम भागापासून दूर आणि चाकांच्या वाटेबाहेर. नळी वळवताना त्रिज्या पाच सेंटिमीटरपेक्षा कमी होऊ दिली नाही, आणि प्रत्येक फिटिंगच्या आधी पाच सेंटिमीटर नळी सरळ ठेवली. पुश-फिटमधली (नळी नुसती दाबून बसवायच्या फिटिंगमधली) गळती पुष्कळदा या शेवटच्या तुकड्यामुळे होते: नळी वाकडी शिरली की ओ-रिंग एका बाजूने चेपली जाते, दुसऱ्या बाजूने सैल राहते, आणि सुरुवातीला कोरडी दिसणारी जोडणी महिनाभराने ठिबकते.

नळी कापायला नळीचाच कटर. कात्रीने आणि पकडीने तोंड चपटं होतं. टोकापासून दोन सेंटिमीटरपर्यंत नखाने ओरखडा लागतो का ते बघायचं, लागला तर तेवढा तुकडा कापून टाकायचा. फिटिंग नळीशेजारी धरून किती आत जायला हवी त्याची खूण केली, पाव इंची फिटिंगला ती साधारण १६-१७ मिमी भरते. नळी आधी पकडीच्या दातांपाशी थांबते, तिथे ती बसली असं वाटतं, पण ओ-रिंग अजून पुढे असते. खूण फिटिंगच्या तोंडात जाईपर्यंत दाबायची, मग मागे ओढून बघायची, मग लॉक-क्लिप.

२० जानेवारी : धुणं आणि दाबाची चाचणी

फ्रिज अजून जोडलेला नाही. नळीचं टोक बादलीत ठेवून टाइमर बायपास केला आणि दहा लिटर पाणी जाऊ दिलं. सुरुवातीच्या पाण्यात सीपीव्हीसीचा भुगा आणि टेपचा एक धागा आला. हेच फ्रिजच्या व्हॉल्व्हच्या जाळीत किंवा पडद्याखाली अडकलं असतं, आणि पडद्याखाली अडकलेला धागा म्हणजे कायमची ठिबक. पंपासह लिटरभर पाण्याला आता २५ ते ३० सेकंद लागतात.

मग टोकाला बंद टोपण लावून दाब २.८ बारपर्यंत चढवला, पंपाची वीज काढली आणि दाबाच्या टाकीचा कॉक बंद केला. हा कॉक खास या चाचणीसाठी आहे. टाकी जोडलेली असेल तर वीस-तीस मिली पाणी गळलं तरी काटा जेमतेम हलतो. टाकी वेगळी केली की उरतं फक्त नळीतलं पाणी, सहा मीटरला ९० मिलीपेक्षाही कमी, आणि त्यातून अर्धा मिली गेला तरी गेज सांगतं. पहिल्या दहा मिनिटांत काटा २.८ वरून २.७ वर आला. ही गळती नव्हे, प्लास्टिकची नळी दाबाखाली किंचित फुगते. पुन्हा २.८ केला, त्यानंतर दोन तास काटा जागचा हलला नाही.

तोवर प्रत्येक सांध्याला कोरड्या टिश्यूचा वेढा दिला होता. पंपाच्या बाहेरच्या निपलवरचा टिश्यू ओलसर लागला. नॉन-रिटर्नच्या मागची बाजू असल्याने गेजला ते दिसलं नाही. निपल काढून टेप नव्याने गुंडाळला. आट्यांवरचा सांधा आणखी आवळून बघायचा मोह टाळावा, विशेषतः समोरचे आटे प्लास्टिकचे असतील तेव्हा. ते तडकतात, आणि तडा आत जातो.

२१ जानेवारी : फ्रिज

फ्रिजचा प्लग काढला, आइस-मेकरची दांडी वर करून तो बंद ठेवला. पाणी नसताना व्हॉल्व्हला वीज मिळत राहिली तर तो नुसता गुणगुणतो आणि कॉइल तापते.

फ्रिजच्या व्हॉल्व्हला पाव इंची कॉम्प्रेशनचे आटे आहेत. क्रम: नळीवर आधी नट, मग प्लास्टिकचं फेरूल (नळीभोवती आवळलं जाणारं कडं), मग नळीच्या तोंडात पितळी इन्सर्ट पूर्ण आत. इन्सर्ट नसेल तर फेरूल नळीलाच चेपतं आणि दाबाखाली नळी हळूहळू निसटते. पितळी फेरूल तांब्याच्या नळीसाठी. इथल्या आट्यांवर टेफ्लॉन टेप लावायचा नाही, कारण पाणी फेरूल अडवतं, आटे नाही. टेपमुळे नट घट्ट झाल्याचा भास मात्र होतो. नळी बुडाशी टेकवून नट हाताने आवळला, मग पान्याने अर्धा फेरा, दुसऱ्या हाताने व्हॉल्व्ह धरून. त्याचं शरीर प्लास्टिकचं आहे, नटाबरोबर पिळलं तर कानापाशी तुटतं.

दुसरा बॉल व्हॉल्व्ह हळू उघडला. टिश्यू कोरडा. फ्रिज मागे ढकलताना नळीचे वेढे मोकळे उलगडतात का ते टॉर्चने पाहिलं. लेव्हल लावून पाय जुळवले: आडवा अगदी समतल, पुढची बाजू किंचित वर. साचा कलता असेल तर एका टोकाचे तुकडे जाड आणि दुसऱ्या टोकाचे पापुद्र्यासारखे होतात, आणि दोष पाण्याच्या दाबाला दिला जातो.

दारातल्या पाण्याच्या नळातून बारा लिटर पाणी काढलं. फिल्टरमधली हवा आणि कार्बनची काळी पूड निघून जाते. हवा उरली तर नळ बंद केल्यावरही ती पाणी ढकलत राहते आणि तो ठिबकतो.

२३ जानेवारी : पहिला बर्फ

फ्रीझर उणे १८ अंशांवर स्थिर झाल्यावर काल दांडी खाली केली. साचा पुरेसा गार होईपर्यंत आइस-मेकर तुकडे टाकत नाही, त्यामुळे पहिली खेप उशिरा येणारच. नव्या जोडणीचा बर्फ पहिले चोवीस तास टाकून द्यायचा, नळीचा आणि साच्याचा वास त्यात उतरतो.

तुकडे मधून पांढरे आहेत. पाण्यात विरघळलेली हवा आणि क्षार शेवटी गोठणाऱ्या मध्यभागात कोंडतात, म्हणून असं होतं. फिल्टर बदलून यात फरक पडणार नाही.

२६ जानेवारी : भरण मोजलं

साच्यात किती पाणी येतं हे मोजायला नळी काढावी लागत नाही. पेटी रिकामी केली, एका खेपेचे सगळे तुकडे पडताच वजन केलं. बर्फाचे ग्रॅम म्हणजेच पाण्याचे मिली. वजन ११४ ग्रॅम, पुस्तिकेतल्या मापात. दाब १.८ च्या जवळ असताना आणि २.८ च्या जवळ असताना वेगवेगळं वजन घेतलं, फरक तीन ग्रॅमचा. व्हॉल्व्हमध्ये एक रबरी चकती असते, दाब वाढला की तिचं भोक आकसतं, म्हणून सांगितलेल्या मर्यादेत भरण जवळपास सारखं राहतं. त्या मर्यादेच्या खाली ही चकती काहीच करू शकत नाही.

वजन कमी भरलं तर भरणाचा स्क्रू फिरवण्याआधी नळी मुडपली आहे का, फिल्टर बुजला आहे का ते बघावं. फिल्टरच्या जागी बायपास टोपण लावून वजन वाढलं तर दोष फिल्टरचा. तुकडे पोकळ असतील आणि वजन बरोबर असेल तर फ्रीझर पुरेसा गार नाही. तुकडे एकमेकांना पट्टीने जोडलेले पडत असतील तर भरण जास्त आहे किंवा व्हॉल्व्ह ठिबकतो आहे. व्हॉल्व्ह ठिबकत असेल तर भरण-नळीच्या तोंडाशी बर्फाची सुई लोंबताना दिसते. ती सुरीने खरवडू नये, वीज काढून कोमट पाण्याने विरघळवावी.

१४ फेब्रुवारी : गळतीची मोजणी

पंपाला आता दुसरं काम देता येतं. आइस-मेकर पूर्ण वेगाने चालला तर दिवसाला सव्वा लिटरच्या आसपास पाणी घेतो, म्हणजे पंप दिवसातून दोन-तीनदाच चालायला हवा. आइस-मेकर बंद आणि दारातला नळ वापरात नसताना तो एकदाही चालता कामा नये. २.८ बार भरलेला असताना दोन्ही बंद करून चोवीस तासांनी गेज पाहिलं: २.८.

हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. अशा स्थितीत पंप चोवीस तासांत एकदा चालला तर ०.४९ लिटर कुठेतरी गेलं, तासाला २० मिली, मिनिटाला सहा-सात थेंब. फ्रिजमागच्या फरशीवर हे लवकर दिसणार नाही, कपाटाच्या फळीत तर मुरूनच जाईल. पंपाच्या आवाजावरून मात्र कळतं. पाणी कुठे चाललं आहे ते शोधायला दुसरा बॉल व्हॉल्व्ह बंद करायचा: काटा तरीही उतरला तर दोष सिंकखाली, थांबला तर नळीत किंवा फ्रिजच्या व्हॉल्व्हमध्ये.

१९ जुलै : फिल्टर

दोन्ही फिल्टर बदलले. गाळ-फिल्टर तपकिरी झाला होता. पहिला बॉल व्हॉल्व्ह आणि पंपाची वीज बंद, भांड्याखाली ट्रे, भांडं त्याच्या चावीने सैल केलं. ओ-रिंग काढून पुसली, खाच पुसली, रिंगेला अन्नासाठी चालणाऱ्या सिलिकॉन ग्रीसचा हलका हात. भांडं हातानेच आवळायचं, चावी फक्त उघडायला. फ्रिजचा फिल्टर बदलल्यावर पुन्हा बारा लिटर पाणी काढलं आणि पहिल्या खेपांचा बर्फ टाकला.

दाबाच्या टाकीची हवाही मोजली, पाणी रिकामं करून: १.५ बार. पुन्हा १.६ केली. ही हवा दरवर्षी थोडी उतरते आणि तेवढ्या प्रमाणात पंप जास्त वेळा चालू लागतो.

घर आठवड्याहून जास्त बंद राहणार असेल तेव्हाचा क्रम कपाटाच्या दाराच्या आत चिकटवला आहे: दांडी वर, दोन्ही बॉल व्हॉल्व्ह बंद, पंपाचा प्लग बाहेर, बर्फाची पेटी रिकामी. परतल्यावर पहिला व्हॉल्व्ह उघडायचा, पंप लावायचा, गेज २.८ ला थांबतं का बघायचं, मग दुसरा व्हॉल्व्ह. नळीत आणि फिल्टरमध्ये साचलेलं पाणी दारातल्या नळातून दोन-तीन लिटर काढून टाकायचं आणि त्यानंतरच दांडी खाली करायची.